ताईसाठी मधपेटी

रविवार, ४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. गुडघे जरा हलके झालेत हे वाचून बरं वाटलं. इकडे आई मजेत. औषधं वेळेवर घेते, म्हणजे मी समोर ठाण मांडून बसले तर घेते.

मधमाश्या पाळायच्या म्हणतेस! नाकावर माशी बसू न देणारी तू! आणि मला विचारायच्या आधीच बागमंडळातल्या बायकांना मध काढताना बघायला या म्हणून बोलावूनही बसलीस. असो. उद्या संध्याकाळी माझ्या चार पेट्यांपैकी एक टेम्पोने पाठवते, माश्यांसकट.

पेटी अशा जागी ठेव की सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी सावली. जमिनीपासून गुडघाभर उंच, लाकडी घोडीवर. घोडीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेव, नाहीतर मुंग्या फडशा पाडतील. प्यायला उथळ ताटात पाणी, त्यात खडे टाक, म्हणजे माश्या बुडणार नाहीत.

पेटी उघडताना फिके कपडे घाल, तोंडावर जाळी. तुझं ते अत्तर त्या दिवशी कपाटातच राहू दे. दारासमोर उभी राहू नकोस, मागून जा. गोणपाटाचा तुकडा पेटवून थोडा गार धूर दे आणि थांब. घाई अजिबात नको. डंख बसलाच तर काटा नखाने खरवडून काढ. चिमटीत धरलास की उरलेलं विषही आत जातं.

पहिला आठवडा पेटी उघडू नकोस. मग पोळ्याची एकेक चौकट सूर्याकडे पाठ करून बघ. राणी शोधत बसायची गरज नाही, नवख्याला ती दिसत नाही. मेणाच्या कोठडीच्या तळाशी पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखं अंडं दिसलं, की राणी आहे असं समज.

आणि फवारणीपासून पेटी लांब ठेव. पण ते मी तुला काय सांगायचं!

तुझी,
धाकटी


मंगळवार, २७ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं नाही. लिहितेस, ‘अगं, एकही अंडं दिसत नाही, चष्मा बदलून पाहिला. माश्या कमी झाल्यासारख्या वाटतात आणि पेटीतून सारखा कण्हल्यासारखा आवाज येतो. रविवारी बायका येणार आहेत, माझं हसं होईल!’

तुझे डोळे ठीक आहेत. त्या पेटीत राणीच नाही. टेम्पो यायच्या आधी मी ती काढून घेतली. अंडी किंवा कोवळ्या अळ्या असत्या, तर माश्यांनी त्यातून नवी राणी घडवली असती. म्हणून तशी एकही चौकट मी आत ठेवली नाही. मला हे काम नीट येतं.

का, ते तुला कळलं असेल. नसेल तर सांगते.

माझ्या ऑपरेशनच्या वेळी तू घर आणि आई सांभाळायला आलीस. मी दवाखान्यातून परतले, तर बागेत माश्यांचा खच पडला होता. माझा हात धरून तू म्हणालीस, “रोग पडला गं. तू हल्ली लक्षच देत नव्हतीस ना.” मी खरं मानलं. रोग दुसऱ्यांच्या पेट्यांना लागू नये म्हणून टाके ओले असताना मी सगळ्या पेट्या जाळल्या. ह्यांनी स्वतः रंधा मारून केलेल्या पेट्या, ताई. ह्यांच्या हातचं तेवढंच माझ्याजवळ उरलं होतं. तू शेजारी उभी होतीस. काडेपेटी तूच आणून दिलीस.

नंतर कितीतरी दिवस मी कुणाच्या माश्यांना हात लावला नाही. माझ्याच हलगर्जीपणाने मेल्या, असं मनाने घेतलं होतं.

दिवाणखान्यातल्या वाळवीसाठी शेजाऱ्यांनी फवारणीवाला बोलावला होता, डिसेंबरात. कुंपणावरून त्याने माझ्या नव्या पेट्या पाहिल्या. म्हणाला, “बाई, परत माश्या ठेवल्यात? मागे तुमच्या ताईंनी मला बोलावलं होतं. वरच्या मजल्यावर त्यांचे भाडेकरू यायचेत, ते माश्यांना घाबरतात म्हणाल्या. तुम्हाला विचारलंय असंही म्हणाल्या.”

मी विचारलं, “कधी केलीत फवारणी?”

“दिवस मावळताना. ताईच म्हणाल्या, सगळ्या घरी परतल्या की या.”

मी त्याला पाणी दिलं.

तेव्हापासून तुला काय लिहावं याचा विचार करत होते, आणि तुझंच पत्र आलं, माश्या दे म्हणून. ताई, ते लिहिताना तुला त्या जळत्या पेट्या एकदाही आठवल्या नाहीत का गं? तुला पेटी देताना मला फार गोड वाटलं. मोहोळ हळूहळू रिकामं होताना काय होतं, ते तू रोज झाकण उघडून बघावंस, स्वतःला दोष द्यावास, एवढंच हवं होतं. तसं झालंय, हे तुझ्या पत्रावरून दिसतं.

राणी माझ्याकडे आहे. छोट्या पेटीत, मूठभर माश्यांसोबत. रविवारी ती घेऊन येते. आईलाही आणते. तिला अजूनही वाटतं की माझ्या दुर्लक्षाने रोग पडला. तुझ्या मैत्रिणींनाही येऊ दे, परत पाठवू नकोस.

पेटी मी उघडीन, तोंड तू उघडायचंस. काय केलंस ते आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांग. जमलं नाही तर मी सांगेन. कुणीही सांगितलं तरी राणी पेटीत जाईल. त्या माश्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. आणि नंतर ती पेटी मी परत नेईन. तुझ्याकडे ठेवणार नाही.

फाटकाला कुलूप लावू नकोस.

रविवारपर्यंत तरी तुझी बहीण