कप्तानाची लेक

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पहाटे फोन आलाच. नदीपलीकडची शाळा, सोमवारपासून आठवडाभर पाचवीचा वर्ग. त्यांच्या बाई आजारी आहेत. बदली शिक्षिका म्हणजे मालक गावाला गेले की दाराशी बसवलेली शेजारीण – घर सांभाळायचं, पण कपाटाला हात लावायचा नाही.

रात्री लेकाचा फोन. "आई, या वयात परक्या देशात नोकरी, आणि शनिवारी बसनं फुटबॉल बघायला? मी लोकांना काय सांगू?" म्हटलं, सांग आई वाया गेली. कॉन्व्हेंटात आम्हाला थ्रोबॉल. फुटबॉल भिंतीपलीकडच्या मुलांच्या शाळेत, आणि आम्ही तिकडे पाहिलं की सिस्टर मान धरून इकडे वळवायच्या. आता वळवा म्हणावं!

११ ऑक्टोबर, शनिवार

जिंकलो. घसा बसला. बस घरमालकिणीच्या धाकट्या भावाची, चालवतोही तोच, आणि तिनंच मला त्यात जागा मिळवून दिली. भावाला सगळे कप्तान म्हणतात. उतरताना हात देतो – "बाई, पायरी बघून." मागच्या सीटवरचा सुतार म्हणाला, याची बायको सोडून गेली, पण गडी कधी कुरकुरत नाही. परत येताना अख्खी बस बेसूर गात होती. मीही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

नव्या वर्गात मी पहिलं काम करते ते सिस्टरांचं – "हात पुढे." नखं बघायची. मुलं आधी हसली, मग त्यांना गंमत वाटली. एकीनं उजवा हात पुढे केला, डावा बाकाखाली. खिडकीशी बसते, बारीक चणीची. म्हटलं, दुसरा हात घरी विसरलीस का?

काढला. तीन बोटं सुजलेली. नखं काळीनिळी.

"दारात सापडली."

"कुठल्या दारात?"

"दारात."

एक बोट सापडतं दारात. फार तर दोन. तीन बोटं एका रेषेत सापडायची तर दार कुणीतरी लावावं लागतं, आणि हात तिथं कुणीतरी धरावा लागतो. चाळीस वर्षं मुलांचे हात बघते आहे मी. घरी आले तरी माझी स्वतःची बोटं ठणकत होती.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

हेडमास्तरांनी बोलावलं. माझ्या मुलापेक्षा लहान आहेत. मी तोंड उघडायच्या आत – "बाई, आपल्याकडे मुलांचे हात असे तपासत नाहीत. एका पालकाची तक्रार आली आहे." मी म्हटलं, त्या हातांबद्दलच सांगायला आले आहे. तर म्हणे, "त्यांच्या बाई आल्या की बघतील. तुम्ही शुक्रवारनंतर इथं नसाल." आणखी एक तक्रार झाली तर पुन्हा कुठल्याच शाळेतून फोन येणार नाही, हेही ऐकवलं. अगदी गोड आवाजात. यांच्या कानाखाली काढावीशी वाटली.

पण लिहायचं ते हे नाही.

शाळा सुटल्यावर फाटकाशी उभी होते. ती पोर धावत गेली. "पप्पा!" आणि पप्पा म्हणजे कप्तान! तिचं दप्तर खांद्याला लावून मला हात हलवला त्यानं. मीही हलवला. दुसरं काय करणार?

त्याच हाताचा आधार घेऊन मी दर शनिवारी उतरते.

१५ ऑक्टोबर, बुधवार

राहवेना. खाली जाऊन घरमालकिणीला सांगितलं. भाऊ तिचा, पण बाई शहाणी वाटते. केवढं नीटनेटकं घर, प्रत्येक खोलीला कुलूप. ऐकता ऐकता तिचे डोळे भरले. माझा हात हातात घेतला. "तो लहानपणापासून तापट आहे हो. तुम्ही कुठं बोलू नका. त्याला कळलं तर तुमचं काही खरं नाही. मी बघते काय ते."

चहा दिला. मनावरचं ओझं उतरायला हवं होतं. उतरलं नाही. आता तो तापट आहे हेही माहीत झालं, एवढंच.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

वर्गात हात बघितले नाहीत. पोर मात्र आपण होऊन डावा हात बाकावर ठेवून बसली. माझ्याकडे बघत. मी फळ्याकडे वळले. भ्याड कुठली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

फाटकाशी कप्तानानं गाठलं. "बाई, पोरगी सारखी तुमचंच सांगते."

"काय सांगते?"

"तुम्ही नखं बघता म्हणे." आणि हसला. "उद्या पुढची सीट ठेवलीय तुमच्यासाठी. माझ्या मागचीच. जाताना बोलू जरा."

काय बोलणार आहे हा? नक्की कळलंय त्याला. लांबचा रस्ता, येताना अंधार. सगळी बस त्याच्या बाजूची. मी पडले, पाय घसरला, म्हातारी होती – कोण विचारणार आहे?

लेकाला फोन लावला आणि तो "हॅलो" म्हणाला तसा ठेवला.

१८ ऑक्टोबर, शनिवार

मफलर घालून निघाले. घरमालकीण पुढच्या दारातून म्हणाली, "जिंकून या!" कोपऱ्यापर्यंत गेले. बस उभी होती. तो स्टिअरिंगवर, मान वळवून सारखा रस्त्याकडे बघत होता – माझीच वाट. पाय पुढे पडेनात. मी, जिच्या नुसत्या चपलांच्या आवाजानं वर्ग गप्प व्हायचे!

मागं वळले. माझा जिना बाहेरून, घराच्या मागच्या बाजूनं. कुणाला न कळता वर आले. चपला हातात घेऊन, चोरासारखी. आत गेल्यावर कडी लावली. फोन बंद केला. पडदा ओढून पांघरुणात शिरले. सामना सुरू झाला असेल. शनिवारी दिवसा या खोलीत मी आज पहिल्यांदाच आहे.

तोच दिवस, दुपार

खाली एका खोलीचं कुलूप काढल्याचा आवाज आला. मग घरमालकिणीचा आवाज, जो मी कधी ऐकला नव्हता – "त्या म्हातारीला काय काय दाखवलंस? हात आण इकडे." आणि एक बारीक आवाज – "आत्या, नको. आत्या, नको ना."

सोमवारी ती बोटं दोन दिवसांपूर्वी चेंगरल्यासारखी दिसत होती, आणि मागच्या शनिवारी कप्तान दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर होता. म्हणजे सामन्याच्या दिवशी निघण्याआधी तो बहिणीकडे लेक सोडतो. आणि मी बुधवारी जाऊन हिलाच सांगितलं, कोणाची बोटं मी पाहिली ते.

जिना कशी उतरले आठवत नाही. दार ढकललं, वर्गातला आवाज काढला – "सोड तिला." त्या आवाजानं बाईचा हात सुटला. पोरीला धरून वर आणलं.

पोलिसांना फोन झाला. निघालेत म्हणाले. कप्तानालाही केला. तो म्हणाला, "बाई, तेच विचारणार होतो आज तुम्हाला. मला ती काही सांगत नाही." बस वळवतो आहे. चार तासांचा रस्ता.

जिन्यावर पावलं वाजताहेत. सावकाश. "बाई, उघडा ना, तुमचा गैरसमज झालाय." कडी आहे, घाबरू नकोस, म्हटलं पोरीला. तर ती म्हणाली, "ती कडी बाहेरून उघडते. आत्यानं तशीच बसवलीय सगळ्या दारांना."

आम्ही खाट ओढून दाराला लावली आहे, आणि दोघी तिच्यावर बसलो आहोत.