वॉचमनचा दाखला आणि बासष्ट पाकिटं

वॉटरफोर्ड, आयर्लंड
रविवार, २१ फेब्रुवारी २०२१

तीर्थस्वरूप बाळासाहेब मामांस,

दिलीपचा साष्टांग नमस्कार. (अक्षरशः घातला आहे. इथे घरभर गालिचा असल्यामुळे तो जमतो, आणि कंबर धरली तर थोडा वेळ तसंच पडून राहता येतं.) तुमचा गुडघा काय म्हणतो? अलकनंदामामींच्या गच्चीवरच्या फेऱ्या चालू आहेत ना? लशीसाठी तुमची पाळी कधी येणार, तेही कळवा. आम्ही तिघं ठीक आहोत. वृंदा घरून काम करते, स्वराली घरून शाळा करते आणि मी घरून ऑफिस करतो, त्यामुळे घर आहे असं वाटत नाही. स्वरालीला कसंही विचारा, ‘आय अ‍ॅम ग्रँड, बाबा’ (ग्रँड म्हणजे इथे ‘मजेत’) एवढंच उत्तर येतं. गणितात नापास झाली तरी ग्रँड, दात दुखत असला तरी ग्रँड. पत्राला कारण असं काही नाही. सहज आठवण झाली म्हणून लिहायला बसलो.

आता आठवण का झाली ते सांगतो. आमच्या पाचूबेट मराठी मंडळाची घटना तुम्हीच लिहिली आहे, हे तुम्हाला ठाऊक नसेल. २०१३ साली मंडळाचं बँकेत खातं उघडायला घटना हवी होती, आणि लिहायला वेळ कुणालाच नव्हता. तुमच्या सोसायटीचे नियम तुम्ही मला एकदा ईमेलने पाठवले होते (मला फ्लॅट घ्यायचा होता तेव्हा). मी त्यात ‘सोसायटी’ पुसून ‘मंडळ’ घातलं, एका मिनिटात काम झालं. सभेत ती घटना न वाचता, टाळ्यांच्या कडकडाटात, सर्वानुमते मंजूर झाली. त्यामुळे आज आयर्लंडातल्या मराठी माणसाला मंडळाच्या लिफ्टमधून सिलिंडर नेता येत नाही आणि मंडळाच्या गॅलरीत गोधड्या वाळत घालता येत नाहीत. आठ वर्षांत कुणाची तक्रार आली नाही, कारण निवडणूक कधी झालीच नाही. दिवाळीच्या जेवणात श्रीखंड वाढायच्या आधी आमचा डब्लिनचा अध्यक्ष रमेश उठायचा, ‘मीच राहतो मग’ म्हणायचा आणि सगळे श्रीखंडाकडे बघत टाळ्या वाजवायचे.

यंदा मात्र नंदिनी उभी राहिली. ती गॉलवेला मेडिकल उपकरणांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि तिचं म्हणणं असं की मंडळ आयर्लंडचं आहे, एकट्या डब्लिनचं नाही. निवडणूक अधिकारी म्हणून सगळ्यांनी माझं नाव सुचवलं. मी निःपक्षपाती आहे असं कारण दिलं गेलं. खरं कारण म्हणजे त्या झूमवर माझा माईक बंद होता आणि मला तो वेळेत चालू करता आला नाही.

लगेच तुमचा नियम एकोणीस वर आला. गैरहजर सभासदाला टपालाने मत देता येईल, परंतु घर कुलूपबंद असल्याचा वॉचमनचा सहीनिशी दाखला सोबत हवा. (मामा, हा नियम तुम्ही सी विंगमधल्या कुणावर तरी चिडून केला होता ना? कोण ते, फोनवर सांगा.) इथे वॉचमन नाहीत. शिवाय लॉकडाऊनमुळे पाच किलोमीटरच्या पलीकडे जाता येत नाही, त्यामुळे मतदान केंद्रावर सगळेच गैरहजर आणि घरी सगळेच हजर. नंदिनीचा गट म्हणाला, दाखला-बिखला रद्द करा, ज्याला पाहिजे त्याला टपालाने मत देऊ द्या, हीच लोकशाही. रमेशचा गट म्हणाला, नियम म्हणजे नियम, असं मोकळं रान सोडलं तर मेलेली माणसंही मतदान करतील. (मंडळाचं सरासरी वय छत्तीस आहे. आजवर कुणी वारलेलं नाही, दोघं कॅनडाला गेले तेवढेच.) रमेशने पर्यायही सुचवला. व्यायामाला परवानगी आहेच, तेव्हा सदस्यांनी ट्रॅकसूट घालून डब्लिनच्या सभागृहासमोरून पळत जावं आणि न थांबता खिडकीतून चिठ्ठी आत टाकावी. गॉलवेकरांनी विचारलं, आम्ही दोनशे किलोमीटर पळायचं का? त्यावर रमेशच्या गटातून एक अंगठा आला.

पंधरा दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर हेच चाललं होतं. तत्त्व, घटना, पूर्वजांचा त्याग, सगळं झालं. मग सारंग नावाच्या एका उत्साही मुलाने (डब्लिनला ग्रँड कॅनाल डॉकच्या एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला आहे, डेटाशिवाय चहासुद्धा पीत नाही) एक तक्ता करून दोन्ही गटांत टाकला. त्यातून असं निघालं की डब्लिनमधली तरुण मंडळी नंदिनीकडे आहेत, कारण दर गणपतीत रमेशच नाटकाचा नायक होतो आणि त्यांना कायम पडदा ओढावा लागतो. उलट गॉलवे-वॉटरफोर्डकडची जुनी घरं रमेशची, कारण तो दर दिवाळीला आठवणीने घरटी चिवड्याचा डबा पाठवतो. म्हणजे टपाल सैल केलं तर फायदा रमेशचा, आणि आवळलं तर नंदिनीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा दोघांची तत्त्वं बदललेली होती. रमेशने लिहिलं होतं की घरबसल्या मतदान हा प्रत्येक मराठी माणसाचा हक्क आहे. नंदिनीने लिहिलं होतं की मताचं पावित्र्य राखायचं तर दाखला हवाच, जमल्यास डॉक्टरचाही. मला सभेचं इतिवृत्त नव्याने लिहावं लागलं नाही. आधीच्याच इतिवृत्तात नावांची अदलाबदल केली.

शेवटी मी निकाल दिला की टपाल सर्वांना खुलं, पण दाखला हवा, आणि वॉचमन म्हणजे शेजारी. इथले शेजारी फार प्रामाणिक निघाले. घर कुलूपबंद आहे असं एकानेही लिहिलं नाही. सारंगच्या शेजारणीने लिहिलं की युअर मॅन (म्हणजे इथल्या बोलीत ‘हा गडी’) मार्चपासून घरातच आहे आणि फोडणी फार छान करतो. सगळ्या दाखल्यांवरून एवढंच सिद्ध झालं की प्रत्येक मतदार घरी होता आणि तुमच्या नियमाप्रमाणे अपात्र होता. मी सगळी मतं धरली.

मंडळाचे सदस्य चौसष्ट. मी सोडून त्रेसष्ट. पाकिटं आली बासष्ट. जो एक सदस्य उदासीन राहिला त्याच्याबद्दल मी झूमवर चार कडक वाक्यं बोललो (लोकशाही अशांमुळेच मरते वगैरे), मग सर्वांसमक्ष मोजणी केली. रमेश एकतीस, नंदिनी एकतीस.

आणि तुमचा नियम बावीस म्हणतो की बरोबरी झाल्यास निवडणूक अधिकाऱ्याने निर्णायक मत द्यावं. पुढच्या रविवारी मला ते सर्वांसमक्ष द्यायचं आहे.

मामा, इतका वेळ थट्टा केली, आता खरं सांगतो. मला हे जमणार नाही. मी इथे आलो तेव्हा रमेशने मला अर्धी खोली दिली आणि मुलाखतीला स्वतःचा शर्ट दिला. नोव्हेंबरात आई गेली तेव्हा तुम्ही तिकडे फोन धरून उभे होतात आणि मी इकडे भिंतीला टेकून बसलो होतो. त्यानंतर तेरा दिवस रोज चार वाजता रमेश फोन करायचा. बोलायला काही नसायचं, मग तो पावसाबद्दल बोलायचा. आणि नंदिनीने गॉलवेहून पार्सलने पिठलं-भाकरीपासून सगळं पाठवलं, त्यात चिठ्ठी होती की डबे परत करायचे नाहीत. इथे मला नातेवाईक म्हणजे हे दोघंच. यातल्या कुणाला मी साऱ्या मंडळासमोर ‘तू नाहीस’ असं म्हणू?

असो. मामींना नमस्कार सांगा, आणि गुडघ्याला तेल लावून घ्या, नुसतं बाटलीकडे बघून उतार पडत नाही.

तुमचा भाचा,
दिलीप

ता. क. : कारण नाही म्हणालो होतो, पण एक बारीकसं काम आहे. सोसायटीच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून, सहीशिक्क्यासह फोटो काढून पाठवाल का? ‘नियम बावीस सोसायटीने मागेच रद्द केला आहे’ एवढंच. तारीख २०१२ ची घाला, म्हणजे तो आमच्याकडे चुकून आला असं म्हणता येईल. पुढच्या रविवारच्या आत हवं.

ता. क. २ : वृंदा म्हणते मामा असं खोटं लिहिणार नाहीत, त्यांनी पार्किंगवरून सख्ख्या भावाला नोटीस दिली होती. मी म्हटलं, भाच्याची गोष्ट वेगळी. लिहाल ना?

ता. क. ३ : मामा, वरचं राहू द्या. पत्राचा फोटो काढून तुम्हाला पाठवण्यापूर्वी वृंदाने शुद्धलेखनासाठी मागून घेतलं आणि वाचता वाचता मध्येच थांबून विचारलं, “माझं मतपत्र कुठे आहे?” मी सगळ्यांना मतपत्रं टपालाने पाठवली, एक आपल्याच घरचं आहे, ते हातात देऊ म्हणून बाजूला ठेवलं, आणि दिलंच नाही. ते चहाच्या डब्यामागे सापडलं. तो उदासीन सदस्य म्हणजे तीच. मी झूमवर ती चार कडक वाक्यं बोलत होतो तेव्हा ती शेजारीच उभी होती, माझ्यासाठी चहा घेऊन. तिला वाटलं मी दुसऱ्या कुणाला बोलतोय.

ती चिडली नाही, चिडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, “आयर्लंडभर पाकिटं पाठवलीस. ते तेरा दिवस मीही इथेच होते रे, दिलीप.”

तेव्हा मागची तारीख नको, शिक्काही नको. अधिकाऱ्याच्या चुकीने राहिलेलं मत उशिरा घेता येतं असा एखादा खरा नियम तुमच्याकडे असेल तर तो पाठवा. नसेल तर आज करा आणि आजचीच तारीख घाला, वृंदा तपासणार आहे. मत कुणाला देणार, ते तिने मला सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही. दाखल्यासाठी ती आत्ताच शेजाऱ्यांकडे गेली आहे.