मावशींची ओळ

सोमवार, ४ फेब्रुवारी

आज फोटो आले! सहावीची चौतीस पोरं, शाळेचे चार कॅमेरे आणि माझं एकच डोकं. विषय ‘माझा आदर्श’. फळ्यावर नियम तीनच. माणूस कामात असताना टिपायचा. फोटोखाली एकच ओळ, तीही त्या माणसाच्या तोंडची. आणि लिहिण्याआधी नीट बघायचं! एकाने आजोबा आणले, कुलूप दुरुस्त करताना. ओळ — “किल्ली हरवली म्हणून रडायचं नसतं.” झकास! दुसऱ्या दिवट्याने स्वतःचाच फोटो आणला, आरशातला. आदर्श म्हणे! कान पिळणार होते, पण हसूच फुटलं.

मोठ्या बाईंचं फर्मान — प्रदर्शनात मधोमध माझा तो आगीतला फोटो, दाराएवढा करून. “निवृत्तीची भेट समजा.” नको म्हटलं. पण त्या ऐकतात थोड्याच!

बुधवार, ६ फेब्रुवारी

मुंगीने फोटो दिला. वर्गात सगळ्यांत लहानखुरी, म्हणून मुंगी. बोलतेही मुंगीएवढंच. फोटोत काय, तर व्हरांड्याच्या टोकाची अडगळीची खोली. तिचं दार. बस्स, दार! आणि खाली ओळ — “किती भरली, बाई?”

ओळ पुन्हा वाचली. तीच.

ओरडलेच तिच्यावर. “माणूस कुठाय यात? नियम काय आहे?”

“आहेत की बाई. मावशी. दारात.”

मागच्या बाकावरचे चौघे उठून आले. “हो बाई, बाह्या वर केल्यात.” “बापरे, हात केवढे भाजलेत!” “कोण आहेत बाई?” बघता बघता सगळा वर्ग माझ्या टेबलाभोवती, आणि सगळ्यांना दिसतंय. मी चष्मा पुसला. फोटो खिडकीशी धरला. दार. कडी. भिंतीचा सुटलेला पोपडा.

चेष्टा करतायत झालं. करा म्हणावं! प्रदर्शन होऊ दे, मग बघते एकेकाला.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

शिपायाला दाखवला. “छान आलाय. कोण या?” मोठ्या बाईंना दाखवला. “नवीन मावशी ठेवल्या? आणि मला कोणी सांगितलं नाही?” घरी ह्यांना दाखवला. जेवता जेवता बघितला, हातातला घास हातातच राहिला. “अगं, हिच्या हातांना आधी मलम लावा कोणीतरी!”

म्हणजे चेष्टा नाही. मला दिसत नाही. मला एकटीलाच!

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

डोळे तपासून आले. नंबर तोच. “नजर ठणठणीत आहे तुमची,” डॉक्टर म्हणाले. बरं झालं हो, कळलं तरी!

शनिवार, ९ फेब्रुवारी

लिहून टाकते. बावीस वर्षं कुठेच लिहिलं नाही, ह्या वहीतही नाही.

त्या दिवशी शाळेत खेळांच्या स्पर्धा होत्या, म्हणून फोटोग्राफर आलेला. अडगळीच्या खोलीत जुने बाक, रद्दी. तिथून धूर यायला लागला. माझा तिसरीचा वर्ग शेजारीच. पोरं मैदानात पळाली, एक पोरगी धुरात अडकली. मी दारापर्यंत गेले आणि पाय उचलेना! आत गेल्या त्या मावशी — घंटा देणाऱ्या, फळे पुसणाऱ्या, पोरांच्या नाड्या बांधणाऱ्या आमच्या मावशी. त्यांनी पोरगी आणून माझ्या हातात दिली. तेवढ्यात फोटो निघाला. मूळ फोटोत डाव्या कडेला त्यांचे दोन्ही हात आहेत. चौकटीत बसवताना कापले गेले. “चौकट लहान पडली,” म्हणाले. मी हो म्हटलं. खाली पाटी लागली — ‘स्वतःच्या जिवाची पर्वा न करता’. त्यालाही हो म्हटलं.

पण खरं दुखणं ते नाही.

पोरगी देऊन मावशी खोकत म्हणाल्या, “किती भरली, बाई?” मी मोजली. तेहतीस. हजेरी होती चौतिसाची. “एक कमी आहे!” मी किंचाळले. “ढब्बू नाहीये!” त्या वळल्या, अडगळीत शिरल्या. मग छप्पर खाली आलं.

संध्याकाळी ढब्बूची आई म्हणाली, तो तर तापाने सकाळपासून घरीच होता. म्हणजे हजेरी घेताना मी मान वर केलीच नव्हती! सवयीने ‘ह’ लावत गेले. नसलेल्या पोरासाठी मी त्यांना आगीत पाठवलं. रात्री त्या ‘ह’चा ‘गै’ केला. चौकशीत विचारलं, मावशी आत कशाला गेल्या? म्हटलं, माहीत नाही. त्यांनी लिहिलं — अडगळीत झोपल्या असाव्यात.

झोपल्या असाव्यात! आणि मी पोरांना सांगते, लिहिण्याआधी नीट बघा.

सोमवार, ११ फेब्रुवारी

मुंगीचा दुसरा फोटो. मला तेच दार, रिकामं. पोरं म्हणतात, “आता जवळ आल्यात बाई. उंबऱ्यात.” ओळ — “पोरगं आलं का, बाई?”

मुंगीला जवळ घेऊन विचारलं, ही ओळ कोणी सांगितली? “मावशींनीच. रोज विचारतात. मी म्हटलं, बाईंना विचारून सांगते.”

म्हणजे अजून शोधतायत. बावीस वर्षं त्या धुरात नसलेलं पोर शोधतायत. आई गं!

व्हरांड्याच्या टोकाला गेले. म्हणणार होते, या मावशी बाहेर, तो आत नव्हताच कधी. दारासमोर उभी राहिले. नुसती कडी हलवून आले. कडी गरम होती. त्या भिंतीवर ऊन येत नाही.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

मावशींची लेक चौकात शिवणाचं दुकान चालवते. बावीस वर्षं मी रस्ता ओलांडून पलीकडून जाते. आज गेले. सगळं सांगितलं, ‘ह’ आणि ‘गै’सकट. मशीन चालूच होतं. एक अख्खी बाही जोडून झाली, मग थांबली.

“मी आईवर रागावून होते हो,” म्हणाली. “झोपलीच कशी, म्हणून. इतकी वर्षं.”

मी पायच धरणार होते. तिने धरू दिले नाहीत. “रडायचं तर घरी जाऊन रडा. माझं कापड भिजेल.” मग फोटो मागितला. किती तरी वेळ बघत होती. तिलाही दिसल्या. “ज्याच्यासाठी गेली त्याला माहीत आहे का? त्याला सांगा आधी. आणि पाटी बदला.”

गुरुवार, १४ फेब्रुवारी

मोठ्या बाईंना सांगितलं. पाणी प्यायल्या. “दोन महिने राहिलेत बाई. मढं कशाला उकरता?” म्हटलं, ते पुरलेलंच नाही. माझा फोटो उतरवला, मीच, स्टुलावर चढून. त्या जागी मुंगीचं दार लागणार.

ढब्बूला फोन केला. औषधांचं दुकान आहे त्याचं. म्हटलं, शनिवारी ये, तुझ्याबद्दल काही सांगायचंय. आधी गिऱ्हाईकाचे सुटे पैसे मोजून दिले. मग म्हणाला, “येतो. मलाही सांगायचंय.”

शनिवार, १६ फेब्रुवारी

ढब्बू आला. आता काठीसारखा झालाय. माझं ऐकून घेतलं, आणि रिकाम्या वर्गात त्याच्या जुन्या बाकावर बसून ढसाढसा रडला. “बाई, तुमची हजेरी बरोबर होती. मी घरी नव्हतो. अडगळीत होतो. काडी मीच ओढली होती. मावशींनी मला बाकाखालून ओढून काढलं, मागच्या खिडकीतून बाहेर ढकललं. म्हणाल्या, ‘पळ, बाईंना सांग सगळी भरली.’ मी घरी पळालो. तापाचं आईने ठरवलं.”

त्याचा हात धरून व्हरांड्याच्या टोकाला नेलं. लेक आधीच येऊन उभी होती, मुंगी तिच्याशेजारी. कॅमेरा तयार.

ढब्बू दाराकडे बघत मला म्हणाला, “बाई, सगळी भरली.”

मी म्हटलं, “आलं हो मावशी, पोरगं. आत्ता आलं.”

मुंगीने फोटो काढून माझ्यापुढे धरला. तिला विचारलं, दिसतात का? मान हलवली, नाही. लेकीला नाही. ढब्बूलाही नाही.

मला दिसल्या. बाह्या वर केलेल्या, दार ओढून घेताना.