जोडाशेजारची चीर

मुलुंड, मंगळवार, १९ मार्च १९८५

पॉवर हाउसच्या बॉयलरमधून कापून आणलेली नळी आज लॅबमध्ये तपासली. फुटली ती पेडणेकरांनी वेल्डिंग केलेल्या जोडापाशी, म्हणून सगळ्यांनी त्यांनाच दोषी ठरवून टाकलंय. बॉयलर पेटवण्याआधी नारळ फोडायचा मान शेवटचा जोड मारणाऱ्याचा. नव्या नळीचा जोडही पेडणेकरांनीच मारला, कारण तसा दुसरा हात नाही. तरी उद्याचा नारळ फोरमन दुसऱ्याच्या हातात देणार. हे कुठलं शहाणपण?

मायक्रोस्कोपखाली जोड शाबूत आहे. चीर नखभर बाजूला, नळीच्या अंगात. जोड मारतानाच्या आचेनं हे जास्त क्रोमियमचं पोलाद तेवढ्याच पट्ट्यात मऊ पडतं आणि मग वर्षानुवर्षं वाफेच्या दाबाखाली ताणत जातं. जोड कोणीही मारला असता तरी… साहेब म्हणाले, "एवढं महागाचं पोलाद यार, रिपोर्टात वेल्डिंगच खराब लिही ना." नाही लिहिलं.

संध्याकाळी पेडणेकर लॅबच्या दारात उभे. "बाई, माजो जोड टिकलो मां?"

टिकला, म्हटलं. चेहराच बदलला त्यांचा.

"मगे उद्या नारळ मीच फोडतंय."

फोडा, फोरमनशी मी बोलते, म्हटलं. पण नवी नळीही त्याच पोलादाची. त्यांच्या नव्या जोडापासून नखभर अंतरावर तो मऊ पट्टा पुन्हा तयार झालाय. ते सांगायला तोंड उघडलं, आणि म्हटलं काय, तर नारळ हलवून घ्या, आत पाणी वाजतंय ना बघा.