वरची मूठ

नंदुरबार
६ जानेवारी २०२५

प्रिय गजाला,

तुला सलाम, घरच्या मोठ्यांना नमस्कार. मालेगावची थंडी कशी आहे? इथे सकाळी वाळत घातलेल्या मिरचीवर दव साचतं, ऊन चांगलं वर आल्याशिवाय पथारीवरची ताडपत्री काढता येत नाही. तरी यंदा रंग छान आलाय. लांबून पाहिलं तर अख्खं मैदान लाल दिसतं.

रोज फोन असताना हिला पत्र का सुचलं, असं तुला वाटेल. तुझा फोन येतो तेव्हा मी दुकानात असते आणि तुझे अब्बा समोरच्या खुर्चीवर बसून माझ्या तोंडाकडे बघत असतात. अशा वेळी "सगळं छान चाललंय" याशिवाय मी काय बोलणार? म्हणून तिखटाच्या पाकिटांबरोबर हे पाठवतेय. अब्बांना कळू देऊ नकोस.

तब्येत चांगली आहे त्यांची. शिरीनफुफी वेळेवर जेवायला घालतात आणि भाऊ ऐकत नाही म्हणून दिवसभर कुरकुरतात. सकाळी पथारीवर चक्कर असतेच. मिरची मुठीत दाबून कानाजवळ नेतात आणि आवाजावरून सांगतात, अजून दोन उन्हं पाहिजेत. हे सगळं तुला माहीत आहे.

आता धंद्याचं. सुरतच्या वितरकांचं काम मिळालं हे तुला फोनवर सांगितलं होतं. किराणा दुकानांना आणि मॉलना माल पोचवणारे मोठे लोक आहेत. काम मिळाल्यावर त्यांनी सूचनांची एक जाडजूड पुस्तिका पाठवली. खोकं कोणत्या मापाचं, बारकोडची चिठ्ठी कोणत्या दोन बाजूंना, ओलावा किती चालेल, बॅच नंबर कुठे छापायचा. टेम्पोला माल उतरवायची वेळही आधी मागून घ्यायची. ती चुकली की गेटबाहेर उभं राहायचं. मी आणि आमचे हे बसून सगळं वाचत होतो. हे म्हणाले, "मुलीचं लग्न जमवायलाही एवढ्या अटी नसतात."

पहिला माल गेला आणि परत आला.

जाकीर टेम्पो घेऊन परतला तेव्हा त्याचा चेहराच उतरला होता. "ताई, तिथं खोक्यांना दवाखान्यात तपासतात तसं तपासतात. पट्ट्यावरून खोकं सरकतं, काटा आपोआप वजन घेतो. चिठ्ठीवरच्यापेक्षा जास्त भरलं की लाल दिवा. आपल्या सगळ्या खोक्यांना लाल दिवा." शिवाय काही पाकिटांचे सांधे उसवले होते. शेजारी कुणाची तरी बिस्किटं होती, त्यांच्या खोक्यांवर आपलं तिखट सांडलं. तिथला माणूस शिंकत शिंकत रागावत होता म्हणे.

माल कमी भरला म्हणून परत आल्याचं मी ऐकलं आहे. जास्त भरला म्हणून परत येईल, हे स्वप्नातही आलं नव्हतं.

शोधायला वेळ लागला नाही. त्या दिवशी मी प्रकाशा गावाला, माहेरी गेले होते, आमच्या शेतातल्या मिरचीचा तोडा चालू होता. इकडे बायका काट्यावर अर्धा किलो मोजून पाकीट पुढे सरकवत होत्या आणि सिलिंगच्या मशीनशेजारी अब्बा उभे होते. वजन झालेल्या प्रत्येक पाकिटात वरून एक मूठ. दुकानात धडगावकडची गिऱ्हाइकं येतात तेव्हा टाकतात ना, बरकतीची, अगदी तशी. पाकीट तोंडापर्यंत भरलं, सांध्यात तिखट अडकलं, मग सील धरणार कसं?

कालीबाई सगळ्यांत जुनी, म्हणून तिला विचारलं, "तुम्ही सांगितलं का नाही?" तर म्हणते, "बाबास्ले कोन सांगी, ताई?"

मग मीच सांगितलं. अब्बा हसले. "ज्यादा दिधं तरी गुन्हा शे का वं?" मी सगळं समजावलं, तो आपोआप चालणारा काटा, तो लाल दिवा. त्यांनी कानाची पाळी धरली. "बस. आता नही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा मूठ.

तुझे अब्बा हट्टी, तुला माहीतच आहे. चाळीस वर्षांची सवय अशी कशी सुटेल. जमेल हळूहळू. सुरतेची माणसं भली आहेत, आणखी एक संधी देणार आहेत. पण शेवटची. या वेळी चुकलं तर आपलं नाव त्यांच्या यादीतून जाईल, आणि मग या कामावर घेतलेल्या सगळ्या बायकांना मला घरी बसवावं लागेल.

तुझ्या शाळेचं, पोरांच्या परीक्षांचं लिही.

तुझी,
शीला


नंदुरबार
२८ जानेवारी

प्रिय गजाला,

तुझं पत्र आलं. "अब्बा आयुष्यभर मूठ टाकत आलेत, तुझा सुरतवाला त्यांना काय सुधारणार" हे वाचून मी मोठ्यानं हसले. अब्बांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही चाचा, माहेरचं पत्र आहे.  त्यांनी पुढे विचारलं नाही.

रात्री पत्र पुन्हा वाचलं, तेव्हा हसू आलं नाही. मी तुला अर्धंच लिहिलं होतं.

गजाला, तो हट्ट नाही. हट्ट असता तर मी भांडले असते. मी एकदा बाजूला उभी राहून पाहिलं. एकाच पाकिटात त्यांनी मूठ टाकली, हात झटकला, मशीनकडे पाहिलं आणि त्याच पाकिटात पुन्हा मूठ टाकली. मग तिसरी. तिखट सांडून टेबलावर आलं तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले, "हाई कोन सांडं?" चेहऱ्यावर खरंच प्रश्न होता.

आणि गेल्या मंगळवारी, बाजार उठायच्या वेळी, रस्त्याकडे बघत म्हणाले, "गजाला शायमाईन उनी नही का अजून?"

मला वाटलं थट्टा करताहेत. नव्हती. शाळा सुटायची वेळ झाली, पोरगी आली नाही, याची काळजी होती त्यांना. मी खोटंच म्हटलं, येईल चाचा, माझ्याबरोबरच तर असते. ते म्हणाले, "हा, तू शे ते मंग ठीक," आणि निवांत झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा फोन आला तेव्हा तुझ्याशी किती नीट बोलले! तुझ्या सासऱ्यांच्या गुडघ्याची चौकशीसुद्धा केली. म्हणून तुला कळलं नाही. फुफींना विचारलं तर त्या "उम्र है" म्हणून भाजी निवडायला लागतात.

तुला आधी का सांगितलं नाही? तू धावत येशील आणि त्यांना मालेगावला घेऊन जाशील, ही भीती होती. पथारीपासून लांब ते कसे राहतील, असं मी स्वतःला सांगत होते. पण मी कशी राहीन, हेही त्यात होतं. लग्न होऊन या गावात आले तेव्हा तू मालेगावला गेली होतीस. "गजालाची खुर्ची रिकामी आहे, बस" म्हणून चाचांनी मला दुकानात बसवलं. धंदा शिकवला. अजून त्याच खुर्चीवर बसते.

काल सुरतेहून चंदन नावाचे तपासनीस येऊन गेले. तरुण आहेत, बोलायला गोड. डोक्याला टोपी, हातमोजे, पाल आत येऊ नये म्हणून खिडकीला जाळी, सगळं पाहिलं. अब्बांनी त्यांना चहा पाजला, मिरचीच्या जाती सांगितल्या, आणि बोलता बोलता आत जाऊन पाकिटात मूठ टाकली.

चंदन हळूच म्हणाले, "काका, आप बाहर बैठिए ना."

"बाहर?" अब्बा म्हणाले, "बाहर तो गाहक बैठता है, बेटा."

जाताना चंदन यांनी मला बाजूला घेतलं. पॅकिंगच्या खोलीत ठरलेलीच माणसं हवीत, बाकी कोणी नको, मालक असले तरी. पुढचा माल बारा फेब्रुवारीला.

त्यांना त्यांच्याच खोलीबाहेर कसं ठेवू, सांग. दुकानात सुटा माल विकायला बसवून पाहिलं. घटकाभर बसतात, आतून मशीनचा आवाज आला की उठतात.

शीला


नंदुरबार
२० फेब्रुवारी

गजाला,

आधी चांगली बातमी. माल पास झाला. एकाही खोक्याला लाल दिवा लागला नाही. जाकीरनं गेटवरूनच फोन केला, "ताई, पोरगं बोर्डात पहिलं आलं!" आता दर पंधरवड्याला माल जाणार. बायकांना जिलेबी वाटली. कालीबाई घरी न्यायची म्हणून एक जास्तीची घेऊन गेली.

एवढं लिहून मी उठले, चहा केला, पुन्हा बसले. आता बाकीचं.

माल भरायच्या आदल्या संध्याकाळी मी दुकान आवरत होते. अब्बा ओट्यावर बसले होते. त्या दिवशी ते सकाळपासून अगदी पूर्वीसारखे होते. मला हाक मारली, शेजारी बसवलं.

"शीला, मन्हा हात आते मन्हं आयकत नही."

"असं काय बोलता चाचा."

"आयक. उद्या माल भरतीन ना, तव्हय माले मझार येऊ देऊ नको. मी चिडसू. गाया दिसू. तरी दार उघाडू नको. कबूल?"

त्यांना सगळं ठाऊक होतं. काय होतंय तेही, आणि आत यायला आपण चिडू, शिव्या देऊ तेही. मी मान हलवली.

"मान नको हलाऊ. कसम खाय."

"माझ्या देवाची खाऊ की तुमच्या?"

"कोन्हीबी खाय," ते म्हणाले, "पन जो जास्त कडक शे त्यानी खाय." आणि आम्ही दोघं हसलो. खूप हसलो. आतून ऐकत असलेल्या फुफी बघायला आल्या.

सकाळी ते विसरले होते.

आम्ही आत पाकिटं भरायला घेतली आणि मी कडी लावली. थोड्या वेळानं दार हललं. मग थाप. मग काठी. "उघाड!" मी म्हटलं, चाचा, आज नाही. "मन्हं दुकान, मन्ही मिरची, आनि मालेच बाहेर? कोन तू? परकी पोर! घर खायाले उनी!" आणि आणखी बरंच काही, ते लिहीत नाही. बाजारातली माणसं ओट्याखाली जमली होती, त्यांचे आवाज येत होते. आत बायकांचे हात थांबले. मी दाराला पाठ लावून उभी होते, प्रत्येक तडाखा पाठीत बसत होता. कालीबाईला म्हटलं, चालू ठेव. तिनं डोळे पुसले, हातमोजे बदलले आणि चालू ठेवलं.

नंतर बाहेर शांत झालं. 

तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. इतकं काय काय विसरतात, पण हे विसरले नाहीत. मी दुकानात शिरले की खुर्ची रस्त्याकडे फिरवतात. जाकीरशी बोलतात, कालीबाईची थट्टा करतात, पानवाल्याला सांगतात की प्रकाशाच्या बाईनं दुकान बळकावलं. आमचे हे चिडले. म्हणाले, "सांगून टाक ना, तुम्हीच शपथ घातली होती म्हणून. फुफी आहेत साक्षीला."

मी गेले होते सांगायला. अब्बा ओट्यावर बसून मिरचीचे देठ खुडत होते, एका सुरात, अगदी सफाईनं. मी समोर उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं नाही. आणि माझ्या लक्षात आलं, सांगितलं तर दोनच गोष्टी होतील. विश्वास बसला नाही तर मी खोटारडीही ठरेन. ते चालेल. पण विश्वास बसला तर? आदल्या संध्याकाळी स्वतः बोललेलं स्वतःजवळ राहिलं नाही, हे कळलं तर? ओट्यावर हसलेला तो माणूस कुठे गेला, हे ते कुणाला विचारतील?

मी देठांची टोपली उचलून आत नेली आणि परत फिरले.

म्हणून हे पत्र. परीक्षा संपल्या की ये. त्यांना चांगल्या डॉक्टरला दाखवू, मी चौकशी करून ठेवलीय. मालेगावला न्यायचं ठरवलंस तर मी मध्ये येणार नाही. मागे लिहिलेली भीती आता मनावर घेऊ नकोस. इथेच ठेवायचं ठरवलंस तर कडी लावायला मी आहेच.

तू आलीस की पहिल्याच संध्याकाळी ते तुझ्याकडे माझी तक्रार करतील. पूर्ण ऐकून घे. मध्ये बोलू नकोस. "अब्बा, तुम्हीच तर" असं चुकूनही म्हणू नकोस. माझी बाजू घेऊ नकोस, गजाला. लागलंच तर त्यांच्यासमोर मला दोन शब्द सुनाव. मी खाली मान घालून उभी राहीन, आणि त्यांना बरं वाटेल की आपली लेक आपल्या बाजूची आहे.

खरं काय ते तुला माहीत असलं की मला पुरे.

तुझी,
आणि ते परकी म्हणोत, त्यांचीही,
शीला