कोपराएवढा लेथ

ल्यूबेक,
५ सप्टेंबर १९९९

ती. गॉटहोल्डदादास,
धाकट्या इर्मीचा सा. न. वि. वि.

वहिनीने पाठवलेली सुकी अळंबी पोचली. पुडा उघडला आणि अख्ख्या जिन्यात आपल्या गावच्या रानाचा वास सुटला. खालच्या मजल्यावरच्या बाई काय जळतंय म्हणून विचारायला आल्या. बंदरावरच्या माणसांना रान कळत नाही, त्याला इलाज नाही.

आता कामाचं. हिन्रिखचं दोरखंडांचं नि शिडांचं दुकान शेवटी विकलं. तो जाऊन तीन वर्षं झाली, मूलबाळ नाही, आणि रोज सकाळी कुलूप उघडायला मला आता खाली वाकवत नाही. एवढे पैसे आले आहेत की मी एकटी ते खाऊन संपवणार नाही. फेब्रुवारीत तुला सत्तरावं संपेल. त्या दिवशी तुला माझ्याकडून लाकूड कातायचा नवा लेथ. बाबांच्या त्या रडक्या लेथवर तू पन्नास वर्षं काढलीस, पुरे झालं. स्वप्नात जो दिसतो तो निवड, पैशाचा विचार करायचा नाही. किंमत तू मला सांगू नकोस, मीही दुकानदाराला विचारणार नाही.

एकच अट, फेब्रुवारीच्या आत निवड. एक टोपी घ्यायला तीन रविवार लावणारा माणूस तू, म्हणून आतापासून सांगते. सल्ला लागला तर विचार. लेथमधलं थोडंफार मलाही कळतं, जरी घरात माझं काम खेळण्यातल्या लाकडी घोड्यांना कान चिकटवण्याचं होतं.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढा तरी राहू दे.
तुझी इर्मी

टानेनग्रुंड,
२६ सप्टेंबर १९९९

चि. इर्मगार्ड हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, एल्फ्रीडेने चारदा. आधी वाटलं नको म्हणावं. मग माहितीपत्रकं मागवली, आणि आता नको म्हणण्याची ताकद राहिलेली नाही. जेवताना ताटाशेजारी ती उघडी असतात. एल्फ्रीडे म्हणते, आमचं लग्न ठरलं तेव्हा तिचा फोटोसुद्धा मी इतक्या वेळा पाहिला नव्हता.

अगं, काय काय निघालंय! आख्खं ओतीव लोखंडाचं धूड, चालू असताना त्यावर नाणं उभं ठेवलं तरी पडत नाही. पट्टा बदलायला नको, बटण फिरवलं की वेग गोगलगायीपासून वादळापर्यंत. एक स्विस आहे, तो इतका शांत चालतो की कातारी झोपून जायचा. एक आहे त्याचं डोकं वळतं. मंगळवारी एक आवडतो, गुरुवारी त्यात खोट दिसते. पैसा आड येत होता तोवर निवड किती सोपी होती. मिळेल तो घ्यायचा.

ओढ्यावरचं जुनं कातकामाचं घर आठवतं का? पाणचक्कीच्या दांड्याला ओळीने जोडलेले आठ लेथ, त्यातली तिसरी जागा बाबांची. हिवाळ्यात आधी चाकावरचा बर्फ फोडायचा. ओल्या स्प्रूसचं पाणी तोंडावर उडायचं, आणि शनिवारी आई आपल्या केसांतला राळेचा चिकटा लोण्याने काढायची. लाकूड फिरवणारा लेथचा कणा कातणाऱ्याच्या कोपराच्या उंचीला हवा, नाहीतर हत्यार माणसाचं ऐकत नाही, हा बाबांचा नियम. त्यांचा लेथ त्यांच्या कोपराचा. आपल्याला खाली पेटी घ्यावी लागायची. तुझी सफरचंदांची पेटी अजून इथेच आहे, मी तिच्यात पटाश्या ठेवतो.

तब्येत सांभाळ. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा
गॉटहोल्ड

ल्यूबेक,
१७ ऑक्टोबर १९९९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पेटी आठवली तुला. त्या पेटीवर उभं राहून काय झालं, ते मात्र लिहिलं नाहीस. म्हणून आज मी लिहिते. सदुसष्टाव्या वर्षी पोटात ठेवून तरी काय करायचं.

१९४८चा फेब्रुवारी. बाबा छातीच्या दुखण्याने अंथरुणात, व्यापाऱ्याला घोडे द्यायचे होते, म्हणून आपण दोघं त्यांच्या जागेवर गेलो. तू अठराचा, मी पंधराची. लाकडाचं बांगडीसारखं कडं कातताना घोडा कुठे दिसतो? गोल ओल्या लाकडात तो दडलेला, पुढून कातायचा, मग उलटवून मागून कातायचा, सगळा अंदाज हाताचा. कडं फोडलं की प्रत्येक तुकड्याला घोड्याची आकृती, पावाच्या कापेसारखे घोडे सुटे होतात, साठच्या साठ सारखे. एकाची मान चुकली तर साठांची चुकते. तुझं कडं फोडलं तर पाय गायब. साठ डुकरं निघाली. तू भुशाच्या ढिगावर बसलास आणि तुझा चेहरा मला बघवेना. मी पेटीवर चढले आणि दुसरं कडं घेतलं.

ते कडं बाबांनी अंथरुणातच फोडलं. घोडा गोधडीवर पडला. त्यांनी तो खिडकीकडे धरून कितीतरी वेळ पाहिला आणि म्हणाले, गॉटहोल्डचा हात आता बसला, माझी जागा त्याची. तू जमिनीकडे पाहिलंस. मी तुझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या हातात ब्रश आणि चामड्याचे कान आले. मी स्वतः का बोलले नाही, हे तू विचारशील. मला ते तुझ्या तोंडून हवं होतं. नऊ वर्षं वाट पाहिली, मग ल्यूबेकची गाडी धरली. गावात सगळ्यांना वाटलं, मी हिन्रिखसाठी गेले. हिन्रिख तर मला दोन वर्षांनी भेटला.

लेथचा याच्याशी संबंध नाही. तो तुझाच, शब्द दिला तो दिला. पण निवडताना एवढं तुझ्या लक्षात असावं.

वहिनीला यातलं काही माहीत नसेल तर माझ्याकडून कळू नये. लोभाचं तू ठरव.
इर्मगार्ड

टानेनग्रुंड,
२१ नोव्हेंबर १९९९

प्रिय इर्मीवन्सं,
स. न. वि. वि.

ह्यांच्या नकळत लिहिते आहे. तुमचं मागचं पत्र आलं, ते ह्यांनी खिशात घातलं, मला दाखवलं नाही. तेव्हापासून माणूस ठिकाणावर नाही. माहितीपत्रकांचा गठ्ठा चुलीत गेला, एकच राहिलंय. परवा कार्यशाळेत कॉफी घेऊन गेले तर हे बाबांच्या लेथपुढे गुडघे वाकवून, बुटके होऊन उभे, आणि हवेत हत्यार धरल्यासारखे हात. मला वाटलं पाठ गेली. विचारलं तर म्हणाले, उंची बघतोय. कसली ते सांगेनात. रात्री पाठीला मलम चोळायला मात्र मी.

आणि एक काम सांगितलंय. तुमच्यासाठी पीठ मळायचं टेबल करायचं म्हणतात, नाताळच्या पावाला. घरातल्या जोड्यांसकट जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप कळवा. नीट भिंतीला टेकून घ्या, ते फार बजावतायत. एका टेबलासाठी इतकं कोणी बजावतं का? तुमच्या दोघांत काही झालं असेल तर मिटवा बाई, मला म्हातारपणी घरात मुका नवरा नको.

सवडीने चार ओळी टाका आणि आम्हांला परकं करू नका.
तुमची
एल्फ्रीडे

टानेनग्रुंड,
९ जानेवारी २०००

प्रिय इर्मी,
आज आशीर्वाद लिहायचा धीर होत नाही. तूच माझा नमस्कार घे.

तो घोडा तुझा होता. एवढं एक वाक्य लिहायला मला अकरा आठवडे लागले, आणि त्याआधी बावन्न वर्षं. मी मनाशी म्हणायचो, खरं सांगितलं असतं तरी बाबांनी मुलीला जागा दिली नसती. नसतीही दिली. पण ते त्यांनी ठरवायचं होतं, मी त्यांना ठरवूच दिलं नाही. बाबा त्यानंतर पंधरा वर्षं जगले, त्यात मला एक दिवस सापडला नाही.

आणखी एक सांगायचंय, ते तुला ठाऊक नाही. तुझ्या त्या कड्यातला एक घोडा मी ठेवून घेतला आणि त्यावरून नमुना केला. तेव्हापासून मी कातलेला प्रत्येक घोडा त्याची नक्कल आहे. लोक लांबून येऊन गॉटहोल्डच्या घोड्याच्या मानेचं कौतुक करतात. ती मान तुझी. मी मान हलवून कौतुक घेत आलो.

काल जेवताना एल्फ्रीडेला सगळं सांगितलं. ती सूप अर्धं टाकून उठली. आज सकाळी कॉफी दिली, पण कप आपटून.

आता लेथ. तू म्हणालीस, स्वप्नात दिसतो तो निवड. स्वप्नात मला तिसऱ्या जागेवरचा लेथ दिसतो, पण त्याच्यापुढे मी नसतो. म्हणून तसाच बनवायला सांगितलाय. ओतीव लोखंडाचा, शांत, बटणाने वेग धरणारा, सगळं त्यात आहे. कण्याची उंची अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर, तू एल्फ्रीडेला कळवलीस तीच. पाय एकसंध ओतलेले आहेत, वर करता येत नाहीत, हे मी दोनदा विचारून घेतलं. कारखान्यातला माणूस माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघून म्हणाला की माप चुकलंय, तुमच्या उंचीच्या माणसाची यावर पाठ मोडेल. मी म्हटलं, माप बरोबर आहे.

तो खिडकीपाशी बसेल. बाबांचा जुना लेथ मला पुरे, तो भिंतीकडे सरकवला आहे. ये किंवा येऊ नकोस, लेथ तुझाच राहील. तुला पेटी लागणार नाही.

क्षमा मागायला हेच वय उरलं होतं.
गॉटहोल्ड

ल्यूबेक,
१६ जानेवारी २०००

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बहिणीने दिलेली भेट बहिणीलाच परत करणारा चिक्कू तूच. पत्र जिन्यात उभ्यानेच वाचलं आणि तिथेच पायरीवर बसून रडले. खालच्या बाई पुन्हा आल्या, या वेळी काय जळतंय ते त्यांनी विचारलं नाही.

तुझा खूप राग आला. तो अजून आहे, थोडे दिवस राहील, त्याला राहू दे. पण मी पत्र परत वाचलं आणि लक्षात आलं की माझा उजवा हात मांडीवर पटाशी धरल्यासारखा वळलाय. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

मी येते आहे. वाढदिवसाच्या दहा दिवस आधी, दुपारच्या गाडीने. अंगठा संधिवाताने धरलाय, पहिल्या कड्यातून डुकरं निघाली तर हसायचं नाही. स्प्रूसचा ओंडका आजच तळ्यात टाक, भिजायला वेळ लागतो. ताजा बघ, गाठी नसलेला. वहिनीला म्हणावं कप फोडू नका, कॉफीला लागतील. आणि पेटी जाळू नकोस, माझ्या लेथशेजारी मला पटाश्या ठेवायला काहीतरी हवंच.

तुझ्या वाढदिवसाला गावातले सगळे कातारी येतील. त्यांच्यादेखत कडं मी कातीन. फोडायचं मात्र तू. घोडा खिडकीकडे धरायचा, आणि हात कोणाचा ते या वेळी मोठ्याने सांगायचं.

बाकी समक्ष. लोभ होता, तो मधे कुठे गेला नव्हता.
तुझी
इर्मी