ज्याचा आकडा मोठा

३ मार्च, सोमवार

बोलायला लागले! आज दुपारपासून आमचे स्विच आपापसांत बोलायला लागले. इतकी वर्षं मुक्यानं उभे होते बिचारे.

इस्पितळाच्या दर मजल्यावर एक अरुंद कपाट आहे आणि कपाटात एक स्विच — हिरव्या दिव्यांचा चपटा डबा. एकाच तारेतून सगळ्यांच्या संगणकांचं टपाल जातं. प्रयोगशाळेचं, औषधाच्या खिडकीचं, हिशेबवाल्यांचं, भेटायला आलेल्या पाहुण्यांचं. पण एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. भिंती नसलेल्या खोल्या, असं मी घरी आमच्या पोरीला, मुंगीला, सांगतो. आजवर नवी खोली काढायची म्हणजे मजल्यामजल्यावर जाऊन, प्रत्येक कपाट उघडून, तिचं नाव टाकायचं. पायाचे तुकडे पडायचे. आता मुख्य स्विचला एकदा सांगायचं, बाकीच्यांना तोच कळवतो. आज वर 'फिजिओथेरपी' असं नाव टाकलं, जिने उतरून तळघरात आलो — तर तिथल्याला आधीच माहीत! मी उगीचच त्या डब्याच्या पाठीवर थोपटलं.

जाड्या म्हणाला, "म्हणजे आमच्या आत्यासारखंच. एकीच्या कानात सांगा, संध्याकाळपर्यंत सगळ्या नात्यात!" जाड्या माझा जोडीदार. तारा ओढण्यात पटाईत. शिडी दिसली की मात्र त्याची कंबर दुखते.

५ मार्च, बुधवार

मोठ्या बाई आमच्या विभागाच्या प्रमुख. उंचीनं माझ्या खांद्याला लागतात, पण नाव मोठ्या बाईच. आज विचारत होत्या, "दोन स्विच वेगवेगळं सांगायला लागले तर बाकीच्यांनी ऐकायचं कुणाचं?"

आकड्याचं! खोल्यांच्या यादीत एक बदल केला की यादीचा आकडा एकानं वाढतो. ज्याचा आकडा मोठा त्याची यादी ताजी, असं धरून बाकीचे आपली टाकून देतात आणि त्याची घेतात. खरं-खोटं बघत नाहीत, वय बघत नाहीत, काही नाही.

"हे जरा भाबडंच झालं की," बाई म्हणाल्या. भाबडंच आहे. म्हणूनच मला आवडतं बहुतेक.

८ मार्च, शनिवार

दुपारी डुलकी लागली. खिडकीतलं ऊन पायांवर, पाय तापलेले, डोकं गार. अर्धवट झोपेत हाक आली — "बाबा, हे बघ ना!" मी डोळे उघडले नाहीत. मुद्दामच. आणखी एकदा ऐकायचं होतं.

"बाबा! सोंग करू नकोस!"

मुंगी सात वर्षांची. हिची मुलगी — माझ्या बायकोची, पहिल्या लग्नाची. सारखं काही ना काही ओढत भिंतीच्या कडेनं नेत असते, म्हणून मुंगी. मी लग्न करून या घरात आलो तेव्हापासून तिचा 'काका'. यंदा थंडीत कधीतरी 'बाबा' झालो. कुणी शिकवलं नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी आपला 'ओ' दिला आणि न्हाणीघरात जाऊन बराच वेळ तोंड धूत बसलो.

दाखवायचं होतं ते म्हणजे डबीतली गोगलगाय. मला गोगलगायींची शिसारी आहे. तोंड भरून कौतुक केलं.

११ मार्च, मंगळवार

जहाजावरचा येतोय.

मुंगीचा — काय लिहू? — बाप. ती चार वर्षांची असताना गेला तो गेलाच. अधूनमधून फोन, एकदा एक निळी टोपी, बस्स. चादरीची घडी घालताना हिनं सांगितलं. दोन टोकं हिच्याकडे, दोन माझ्याकडे.

"त्यानं जहाज सोडलंय. बंदरावर नोकरी लागलीय, घर घेतलंय. मुंगीला नेऊ का म्हणतोय. कायमची."

माझ्या हातातलं टोक सुटलं.

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आधी येऊन भेट तिला. मग सुट्टी लागली की तिलाच विचारू. ती म्हणेल ते."

बरोबरच आहे. हिच्या जागी मी असतो तरी हेच म्हणालो असतो. चादरीची घडी मात्र पुन्हा पुन्हा वाकडीच पडली.

१३ मार्च, गुरुवार

आज पाचव्या मजल्यावरच्या कपाटात जाऊन नुसताच बसलो. बादली पालथी घातली, दार ओढून घेतलं. काम काहीच नव्हतं. आत उबदार असतं, आणि ती एकसारखी घूं-घूं. डोळे मिटले की वाटतं, सगळी इमारत कुशीवर वळून झोपलीय आणि झोपेत आपल्या खोल्यांची नावं पुटपुटतेय. मीही पुटपुटलो थोडा वेळ. सिस्टरनं दार उघडलं, "अगंबाई, तुम्ही!" म्हणाली, आणि बादली घेऊन गेली.

१५ मार्च, शनिवार

आला. माणूस चांगला निघाला — हे फारच वाईट झालं. उद्धट असता, पिऊन आला असता, तर किती सोपं! मला "दादा" म्हणाला. "दादा, तुम्ही हिला फार छान सांभाळलंत." सांभाळलंत! गावाला गेलेल्याची कुंडी सांभाळावी तसं. मी चहा ओतत होतो, अर्धा बशीत गेला.

मुंगी आधी दाराआड. मग पडद्यामागे. मग त्याच्या गुडघ्याजवळ. संध्याकाळी त्याच्या खांद्यावर बसून छताला हात लावून आली. मी खांद्यावर घेतो तेव्हा तिचा हात तिथवर पोचत नाही.

१६ मार्च, रविवार

ते दोघं दिवसभर बागेत. मी घरी. नळ गळत नव्हता तरी दुरुस्त केला. आता गळतो.

१७ मार्च, सोमवार

गेला. फाटकाशी मुंगी "बाबा! बाबा!" करत, गाडी वळेपर्यंत हात हलवत होती. गाडी दिसेनाशी झाल्यावरही थोडा वेळ हात वरच. मग आत आली, खुर्चीवर चढली आणि म्हणाली, "काका, पाणी."

पाणी दिलं.

वाटलं, चुकून आलं असेल तोंडात. संध्याकाळी परत — "काका, हे झाकण उघडून दे." हिनंही ऐकलं. माझ्याकडे बघितलं नाही. दोन दिवस येऊन गेला आणि माझं नाव पुसून गेला. त्याचाच आकडा मोठा, रक्ताचा माणूस. मी कानामागून आलो, तिखट होईन असं आपलं मला वाटत होतं.

१८ मार्च, मंगळवार

सगळं मुसळ केरात!

धुलाईखान्यातला स्विच जळाला. जाड्यानं भंडारातून एक जुना शोधून दिला. शिकाऊ लोकांना सरावाला द्यायचो, तो. मी बसवला, तार खोचली, वळलो — आणि भिंतीवरचा फोन वाजला. मग दुसरा. औषधाची खिडकी बंद. प्रयोगशाळा बंद. हिशेब बंद. एकामागून एक कपाट उघडत वर पळालो. सगळीकडे हिरव्याचे पिवळे झालेले.

काय झालं ते कळायला वेळ लागला नाही. त्या जुन्या स्विचवर शिकाऊंनी वर्षानुवर्षं नावं टाकली, पुसली, पुन्हा टाकली, पुन्हा पुसली. यादी शेवटी रिकामीच राहिली — पण प्रत्येक बदलाला आकडा वाढत गेला. आमच्या सगळ्यांपेक्षा प्रचंड मोठा! आणि आमच्याच घराण्यातला, परवलीचा शब्दही तोच. कुणी त्याला अडवणार नव्हतंच. त्यानं आल्या आल्या सांगितलं, "खोल्या नाहीतच," आणि अख्ख्या इमारतीनं मान डोलावली.

जुना डबा जोडण्याआधी त्याचा आकडा शून्यावर आणायचा असतो. हे मी लोकांना शिकवतो. मी! आज माझ्या डोक्यात 'काका, पाणी' होतं.

सिस्टर रक्ताचे रिपोर्ट हातात घेऊन जिन्यानं पळत होत्या. कुणा पेशंटचं काही बिघडलं नाही असं कळलं तेव्हा जीव भांड्यात पडला. जुना डबा काढला, पण नुसतं काढून काय उपयोग? गेलेली नावं गेलेलीच. मुख्य स्विचपाशी बसलो आणि एकेक नाव पुन्हा टाकत गेलो. पाठच होती. 'प्रयोगशाळा' टाकलं — तिचे दिवे हिरवे. 'औषधे' टाकलं — हिरवे. तारांना आपापली खोली आठवत होती, खोलीच तेवढी नव्हती. नाव आलं की तार आपोआप जागी व्हायची. शेवटी 'फिजिओथेरपी'. तिथं का कोण जाणे, माझे डोळे भरून आले. जाड्यानं काही न विचारता रुमाल दिला. त्याला ग्रीसचा वास येत होता.

१९ मार्च, बुधवार

"चूक कुणाची?" — मोठ्या बाई.

"माझी," मी म्हणालो.

"भंडारातून मी काढला होता," जाड्या म्हणाला. बरा आहे गडी. शिडीवर चढत नाही, पण बरा आहे.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "असं करा. बोलणं बंद करू नका त्यांचं. पण दुसऱ्याचं ऐकून स्वतःची यादी बदलणं बंद करा. जमतं का तसं?" जमतं. निरोप आला की पुढच्याला द्यायचा, स्वतःची यादी मात्र आपण आपली धरून ठेवायची. म्हणजे पुन्हा मजल्यामजल्यावर जाऊन नावं टाकणं आलं. आलं तर आलं. पायाचे तुकडे पडू देत.

२१ मार्च, शुक्रवार

पहाटेचं स्वप्न. इस्पितळात गुडघाभर पाणी, कोमट, अगदी नितळ. कपाटं तरंगतायत, दिवे लागलेले, पाण्यातही दिवे. कुणाला घाई नाही. सिस्टर पाण्यातून हळूहळू चालतायत, झगे पसरलेले. मुंगी एका कपाटात बसून ताटलीनं वल्हवतेय. मी हाक मारली. ती थांबली, वळली, म्हणाली, "कोण?" आणि मला सांगताच येईना. तोंड उघडलं तर नुसते बुडबुडे.

जागा झालो तेव्हा उशी ओली होती. घाम असेल.

२३ मार्च, रविवार

आज हिला सगळं सांगितलं. स्विचसकट. त्याचा आकडा मोठा, तो आला, माझं नाव गेलं, आता उद्या मुलगीही जाईल. ही पालेभाजी निवडत शांतपणे ऐकत होती.

"झालं?"

"झालं."

"माणसं म्हणजे तुझे डबे नव्हेत रे."

"मग ती का परत काका—"

"मला नाही माहीत. तिला विचार."

"नको."

"भितोस."

भितोच! त्यात लपवायचं काय? समजा म्हणाली, खरे बाबा ते, तू नुसता काका — तर? ते ऐकायची ताकद नाही माझ्यात. माझं तिच्यावर फार प्रेम आहे. हे हिलाही इतक्या सरळ कधी सांगितलं नव्हतं, आज सांगितलं. हिनं हातातली जुडी खाली ठेवली आणि माझ्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं.

२४ मार्च, सोमवार

काका, काका, काका. दिवसभर!

२६ मार्च, बुधवार

जहाजावरच्याचा हल्ली रोज फोन येतो. आज मुंगीचे हात रंगानं बरबटलेले, म्हणून मीच फोनचा स्पीकर लावून तो तिच्या कानाशी धरून उभा राहिलो. तो काहीतरी विचारतो आणि ही मान हलवते. फोनवर!

"मान हलवतेय," मी सांगितलं.

"हो म्हणतेय का नाही?"

"हो."

"दादा, शाळेत वाघाचं चित्र काढलं का, विचाराल?"

विचारलं. काढलंय. पण पट्टे काढायचे राहिलेत. सांगितलं. असा मी मधे उभा, इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. माझं आतलं काही हलवायचं नाही असं ठरवून. हात अवघडला, पण फोन धरून ठेवला. वाघ निळा आहे, हे मात्र त्याला सांगितलं नाही. तेवढं माझ्याकडे ठेवलं.

२९ मार्च, शनिवार

शेवटचं कपाट झालं. आता प्रत्येक स्विचची यादी ज्याची त्याच्याकडे.

मुंगीला सुट्टी लागली. उद्या विचारायचं. ही म्हणाली, "ती म्हणेल ते मान्य करायचं हं. तोंड पाडायचं नाही." आरशासमोर सराव करून बघितला. पडतंच. गालाला हातानं वर धरून बघितलं, तर जास्तच वाईट दिसतं.

दुपारी झोपलो नाही. मुंगी शेजारी जमिनीवर पालथी पडून वाघाला पट्टे काढत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. ऊन सरकत सरकत तिच्या पाठीवर आलं, मग भिंतीवर गेलं. मी नुसता बघत होतो.

३० मार्च, रविवार

विचारलं. "मी इथंच राहणार," म्हणाली, आणि मटारच्या शेंगा पुढ्यात ओढल्या. ही उठून आत गेली, डोळे पुसायला.

मला राहवलं नाही. "मग मला परत काका का गं म्हणायला लागलीस?"

शेंग फोडता फोडता, वर न बघता —

"बाबा म्हटलं की जातात."

मी मटार सोलत राहिलो. काकाला कुठं जायचंय!